उजवा खांदा पाऊण इंच खाली

४ फेब्रुवारी
नजरबादमध्ये खोली छान मिळाली. खिडकीतून चामुंडीचा डोंगर दिसतो. खालीच अंबाजीरावांचं शिवणाचं दुकान, आजपासून तिथे कामाला लागले. त्यांच्या बायकोने, गोदावरीबाईंनी, गरम बिसीबेळेभात पाठवला. अंबाजीराव म्हणाले, अक्का, इथलं गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं, दोन इंच वाढवूनच कापा. पुष्कळ दिवसांनी हसले.

९ फेब्रुवारी
मंजुनाथ भावोजींचा फोन. तेवीस तारखेला, रविवारी, टी. नरसीपूरच्या संगमावर यांचा दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. यांचं नौदलाचं शिडाचं जहाज नाहीसं झालं त्याला तीन वर्षं झाली. फळीसुद्धा सापडली नाही. सरकारचा कागद आला, मी कुंकू पुसलं, अग्नी तेवढा राहिला. पुतळ्यासाठी यांच्या मापाचा सदरा मी शिवावा, असं भावोजी म्हणाले. माप फक्त मला ठाऊक. छाती अडतीस, बाही चोवीस, दोर ओढून ओढून उजवा खांदा पाऊण इंच खाली. मी नाही म्हटलं. तेही जाळलं तर माझ्याकडे काय राहील?

१५ फेब्रुवारी
एका काडीसारख्या कारकुनाचं माप घेतलं. अडतीस, चोवीस. उजवा खांदा पाऊण इंच खाली. वहीत लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

१८ फेब्रुवारी
मिठाईवाल्या शरतचं पोट टेबलाला टेकतं. त्याचीही छाती अडतीस. अंबाजीराव म्हणाले, अय्यो अक्का, टेप उंदराने खाल्ली काय! मग स्वतः माप घेतलं. अडतीसच. 

२० फेब्रुवारी
चुकून कारकुनाचा सदरा शरतला दिला. अंगाबरोबर बसला.
गोदावरीबाईंचं ब्लाऊजचं माप घेतलं. तेच. म्हणाल्या, सकाळपासून हा खांदा कुणीतरी ओढतंय.

२१ फेब्रुवारी
गोदावरीबाई अंथरुणाला खिळल्या. उशी ओली. तोंडातून पाणी येतं. खारट.
भावोजींना कळवलं. शिवते म्हणून.

२२ फेब्रुवारी
दुपारी सदरा झाला. गोदावरीबाई उठल्या, भात जेवल्या. अंबाजीरावांनी त्यांचं माप घेतलं — त्यांचं त्यांना परत मिळालं. सगळे सुटले. मला रडू आलं नाही.

२३ फेब्रुवारी
खाली गाडी आली. घडी घालण्याआधी सदरा एकदा अंगात घातला. एकदाच. यांना जवळ घ्यावं म्हणून.
बरोबर बसला.
बटणं निघत नाहीत — खांदा ओढला जातोय — तोंडात तसंच खारट पाणी —
भावोजी जिन्यात आलेत. म्हणतात, वहिनी, सदरा घेऊन या, अग्नी त्यालाच —