आधी खुळखुळा, मग लीड

४ नोव्हेंबर, मंगळवार
फर्स्ट शिफ्ट. तीनला सुटले, चारला घरी, सव्वाचारला गिटार हातात. चार बोटं, चार फ्रेट, सहाही तारांवर वरखाली. मेट्रोनोम १२०, एका ठोक्याला चार सूर. उजवा हात थकतच नाही. तो अण्णांकडून, वडलांकडून आलाय. आमच्या भरे गावात बेंजो पार्टी म्हणजे अण्णांचीच होती. डीजे आले आणि पार्टी बसली. बेंजो आता मागच्या खोलीत चादरीत गुंडाळलेला. सात वर्षांची असल्यापासून मी त्यावर वाजवलंय, पण घरात. वरातीच्या गाडीवर पोरी बसत नसत.

अण्णा दारात उभे राहिले. ऐकलं. जाताना म्हणाले, "पट्टी लई घट्ट धरतीस." तार छेडायच्या पिकला ते अजून पट्टीच म्हणतात. सैल धरून पाहिलं. वेग १२६ पर्यंत गेला. मान्य केलं नाही त्यांच्यापुढे.

९ नोव्हेंबर, रविवार
तन्वी मला लवळ्याला घेऊन गेली. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, तिथल्या कॉलेजात शिकते, बास गिटार वाजवते. माडीवरून माझा सराव ऐकून तिनेच ठरवलं. हॉस्टेलमागच्या शेडमध्ये त्यांचा बँड. लीड, म्हणजे मुख्य गिटार, वाजवणारा इंटर्नशिपला बेंगळुरूला गेलाय. ड्रमवर मिहिर, कारभारही त्याचाच. "ताई, तुम्ही मेटल वाजवता?" असं तो बोलला नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. वाजवल्यावर गेलं.

"यार, असं पिकिंग कुठे शिकलात?"
"वरातीत," म्हटलं. सगळे हसले. तेही खोटंच. वरातीत मी कधी वाजवलेलंच नाही.

तर काम असं. त्यांनी स्वतः बांधलेलं गाणं, शेवटी बावीस सेकंदांचा सोलो, मेट्रोनोम १६०. तो ११ जानेवारीला क्लिकवर, म्हणजे कानात मेट्रोनोमची टिकटिक चालू ठेवून, न चुकता वाजवायचा. जमला तर २४ ला कॉलेजच्या स्टेजवर लीड मी. बाहेरचा एक माणूस चालतो म्हणे. नाही जमला तर पुण्याचा एक मुलगा तयारच बसलाय.

मला हे पाहिजे. उगाच आढेवेढे कशाला. बसू दे त्याला पुण्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार
इतके दिवस घरी गिटार कशालाच न जोडता सराव. आज आवाज फाडणारं डिस्टॉर्शन चढवून अण्णांच्या जुन्या अँप्लिफायरला जोडलं, पुढे पार्टीचा भोंगा. पहिल्या दणक्याला शेजारच्या बिरूमामांची मेंढरं बांध ओलांडून आमच्या हरभऱ्यात. आई बाहेर आली, मेंढरं हाकलली, मग माझ्याकडे वळली. ते लिहीत नाही.

खरी भानगड वेगळीच. सगळ्या तारा एकदम बोंबलतात. बेंजोत तारा घुमल्याच पाहिजेत, त्यातच त्याची गोडी. इथे न वाजवलेली तारही किंचाळते. तन्वी म्हणाली, "ताई, वाजवणं निम्मंच असतं. बाकीच्या तारांना गप्प करणं हे उरलेलं निम्मं." वीस वर्षांत कुठल्याही तारेला गप्प बस म्हणायची वेळ आली नव्हती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उजव्या हाताची कड ब्रिजजवळ टेकवून वरच्या जाड तारा गप्प. खालच्या, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने. तरी मोकळ्या तारांची कुरकुर राहतेच. शेवटी केसांचा रबर काढला आणि गिटारच्या मानेला बांधला, वरच्या टोकाशी. शांत. तन्वीने फोटो काढून मिहिरला पाठवला. त्याचं उत्तर: चीटिंग, पण मोठेमोठे लोकही करतात.

टॅपिंग मात्र पहिल्याच दिवशी. उजव्या हाताची बोटं वरून तारेवर आपटायची. आमच्या घरात बेंजोची बटणं वरूनच दाबतात. तन्वीला दोन महिने लागले होते. याची मी तिला दोनदा आठवण करून दिली.

३० नोव्हेंबर, रविवार
स्वीप. पाच तारांवरून पिक एकाच दिशेने ओढत न्यायचा, प्रत्येक तारेचा सूर सुटा. मी त्याला झाडू म्हणते, अंगण झाडतो तसाच हात. झाडू ९० वर स्वच्छ, १०० वर कचरा. डाव्या हाताचं प्रत्येक बोट सूर वाजला की लगेच उचलायचं. उशीर झाला की दोन सूर चिकटतात.

बोटांना घट्टे. आई हात उलटा करून बघते आणि मसाला वाटायचं काम स्वतःकडे घेते. दोन दिवसांपूर्वी वरवंट्याचा आवाज मुद्दाम मोठा होता एवढंच.

७ डिसेंबर, रविवार
लवळ्याला अख्ख्या बँडबरोबर पहिल्यांदा. वेग १४८ ठेवला. सोलो सुटला की काय सांगू. एकही सूर राहिला नाही. झाडूसुद्धा स्वच्छ. पण शेवटी आम्ही एकत्र थांबलो नाही.

मी मिहिरला तोंडावर सांगितलं, "तू मागं पडतोस."
त्याने रेकॉर्डिंग तन्वीच्या फोनवर टाकलं आणि काठ्या पिशवीत भरल्या. राग आला असेल. येऊ दे. ड्रमरने ठोका सांभाळायला नको?

८ डिसेंबर, सोमवार
तन्वीने पाठवलेलं रेकॉर्डिंग कंपनीच्या बसमध्ये ऐकलं. मागे क्लिक स्पष्ट आहे, मिहिर त्याच्यावर, इकडे ना तिकडे. मी सहाव्या सेकंदापासून पळतेय. संपवते तेव्हा त्याचे अजून तीन ठोके शिल्लक. चार वेळा ऐकलं. पिरंगुटचा फाटा कधी गेला कळलं नाही.

दिवसभर मापाच्या गेजमध्ये प्लास्टिकची झाकणं घालून बघायची, बसलं तर पास, नाही तर लाल क्रेट. केसाएवढा फरक मी सोडत नाही. आज स्वतःला लाल क्रेटमध्ये टाकलं. मिहिरला मेसेज: चूक माझी. त्याने अंगठा पाठवला. बस, एवढंच. बरं वाटलं.

१० डिसेंबर, बुधवार
मेट्रोनोम हळू केला तरी तेच. पहिल्या दोन ओळी नीट, मग हात सुटतो. अण्णांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी निम्मं ऐकून फोन खाली ठेवला.

"ही चाल वरातीची हाय."
म्हटलं, म्हणजे?
"वरात मारुतीपासून निघती तवा पोरं नुसती चालत्यात. मांडवापाशी येईस्तवर घामानं भिजली पायजेत. म्हनून आमी चढवत न्ह्यायचो. तू आमच्या टेपा ऐकून शिकलीस. सगळ्या टेपा वरातीतल्या."

तरी तुमच्या पार्टीतलं कुणी पळायचं नाही, म्हटलं. सगळे बरोबर चढायचे.
"न्हाईच पळायचं. नवा गडी आला की पयला शिझन त्याच्या हातात खुळखुळा. बेंजोला हात लावायचा न्हाई. ठोका अंगात मुरला की मगच बेंजो."

"मग मला कधी दिला तुमी खुळखुळा?"

अण्णांनी चपलेचा अंगठा नीट केला. मग म्हणाले, "तुला गाडीवर कुटं न्यायची हुती."

मी उठून आत आले. इतका राग मला मिहिरचा पण आला नव्हता. पोरीचा हात बघा, पोरीचा हात बघा, म्हणून पाहुण्यांसमोर वाजवून घ्यायचं आणि पाया घालायचा नाही. कारण पुढे जायचंच नाही तिला.

११ डिसेंबर, गुरुवार
कामावरून आले तर गिटारच्या पेटीवर खुळखुळ्यांची जोडी ठेवलेली. पुसून.

१४ डिसेंबर, रविवार
गिटार बंद. रोज अर्धा तास खुळखुळा. अण्णांची अट, आणि मी कबूल केलीय. दोन्ही हातांनी एकसारखं हलवत राहायचं, एवढंच. पाच मिनिटांत माणूस वेडा होतो. दहा मिनिटांनी उजवा हात आपोआप जोर काढायला बघतो.

अण्णांची पद्धत अशी. ते अंगणात वरात होतात. तुळशीपासून सावकाश निघतात, गोठ्यापाशी आले की नाचायला लागतात, पाय उडवत, दोन्ही हात वर, वेग वाढवत वाढवत. मी त्यांच्या पायांबरोबर जायचं नाही. मी गेले की ते जागीच थांबतात. "चल. परत तुळशीपास्नं."

आज अकरा वेळा तुळशीपासून. एकसष्ट वर्षांचा माणूस. आई ओट्यावर बसून डोळ्यांना पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं आणि परत ठोका गेला.

२० डिसेंबर, शनिवार
गोठ्यापर्यंत सात वेळा न पळता. अण्णा घामाघूम, मी नाही.

पाणी पिताना म्हणाले, "चुकलं माझं तवा." कशाबद्दल ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग ते म्हणाले, "हं, चल, तुळशीपास्नं."

२८ डिसेंबर, रविवार
दोन आठवड्यांनी गिटार. भीती होती बोटं विसरली असतील. थोडी विसरली होती, तासाभरात आली. नवीन गोष्ट अशी की ठोका आता बाहेरून ऐकावा लागत नाही, मनगटात आहे. १४८ नीट. १५२ नीट. झाडूच्या जागी अजून ओढ लागते, तिथे अण्णा भिंतीला टेकून खुळखुळा धरतात. तन्वी माडीवरून बघून गेली. म्हणाली, "ताई, असला मेट्रोनोम आम्हाला पण पाहिजे."

४ जानेवारी, रविवार
१६०. पाचपैकी तीनदा. उरलेल्या दोनदा टॅपिंगमधून परत पिकवर येताना अडखळले. पळाले एकदाही नाही. हे जाड अक्षरात लिहायला पाहिजे होतं.

११ जानेवारी, रविवार
लवळे. कानात क्लिक. मिहिरने मान हलवली, सुरू. बावीस सेकंद. शेवटच्या सुराला आम्ही सगळे एकत्र थांबलो. माझी एक तार हलकीशी वाजली होती, झाडूनंतर. मी सांगून टाकलं. मिहिर म्हणाला, "ताई, ते फक्त तुम्हाला ऐकू आलं."

लीड मी.

रिक्षाने न येता उतार चालत आले. पुण्याच्या मुलाला तन्वीने कळवलंसुद्धा.

१७ जानेवारी, शनिवार
आज सराव ऐकायला हॉस्टेलची वीसेक मुलंमुली जमली. सोलोच्या आधीच त्यांनी उड्या मारायला सुरुवात केली, डोकी गदागदा. आणि माझा हात गेला. फार नाही, एक ठोका. पण गेला.

नंतर मिहिर बाजूला घेऊन बोलला. "टेस्टला क्लिक होता. स्टेजवर आपल्याकडे क्लिक नाही, फक्त मी आहे. तुम्ही पळालात तर सगळे पळतील. समोर पाचशे पोरं नाचणार."
त्याचं बरोबर आहे. तो चिडलाही नव्हता. उलट म्हणाला, नको असेल तर सोलो छोटा करू. नको म्हटलं. अख्खा वाजवणार.

घरी अण्णांना सांगितलं. वाटलं हसतील. नाही हसले.
"नाचनाऱ्यासमूर वाजवनं हे येगळं. ते घरात शिकवता येत न्हाई. मी एकला नाचून नाचून किती नाचनार."

२१ जानेवारी, बुधवार
तरीही नाचले. आज बिरूमामांनाही बोलावलं, आणि आईला. तिघं मिळून तुळशी ते गोठा. आई पदर खोचून. मी अख्खा सोलो १६० ला, डोळे उघडे ठेवून. ठोका राहिला. पण ही तिघं माझी माणसं.

२४ जानेवारी, शनिवार
सकाळचे दहा. नवीन तारा कालच चढवल्या, ताणून बसल्यात. पिक तीन घेतले. केसांचे रबर दोन, एक गिटारला, एक केसांना. साडेतीनला निघायचं, सहाला स्टेज.

हात चांगला आहे. खरंच चांगला आहे. एवढं वाजवणारं या पट्ट्यात दुसरं कुणी मला तरी माहीत नाही, आणि हे मी आज बिनधास्त लिहिते. फक्त पाचशे माणसं समोर नाचताना काय होतं ते मला माहीत नाही. ते आज सहालाच कळणार.

अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातलाय. पार्टीचा, खिशावर जरीची पट्टी असलेला. मघाशी आत जाऊन त्यांनी पिशवीत काहीतरी घातलं, ते वाजलं. खुळखुळा.
"अण्णा, तितं तुमाला स्टेजवर घेनार न्हाईत."
"मला कुटं चढायचंय. मी खाली हुभा ऱ्हानार. मधोमध, नाचनाऱ्या पोरांत. हात वर धरून. तुला दिसंल असा."
म्हटलं, भोंग्यांच्या आवाजात ऐकू कसं येणार?
"ऐकू कशाला यायला पायजे. हात बघ माझा."

आई म्हणतेय जेवून घ्या. जेवून घेते.