बियाण्यांच्या सदस्याची जागा

प्रिय ठकू,

आत्याचं चक्क पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं, म्हणून लिहितेय.

कृषी आयोगावरच्या रिकाम्या जागा भरायचं काम सचिव म्हणून माझ्याच गळ्यात पडलंय. टेबलावर अर्जांचे गठ्ठे आहेत. एका महाशयांनी शेतीचा अनुभव म्हणून गच्चीतल्या कुंड्या लिहिल्यात! दादा असता तर पोट धरून हसला असता. दोन जागा भरल्या. तिसरी बियाण्यांच्या सदस्याची, म्हणजे तुझ्या बाबाची. तिथे माझा हात अडतो.

जागा रिक्त झाल्याच्या पत्रावर सचिवाची सही होईपर्यंत हजेरीत सदस्याचं नाव पुकारावंच लागतं. त्याला जाऊन आठ महिने झाले, तरी दर बैठकीला मी दादाचं नाव वाचते, क्षणभर थांबते आणि 'गैरहजर' लिहिते. शिपाईमामा सवयीने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवतात. त्या क्षणभरात मला त्याचं खाकरणं ऐकू येतं गं, अगदी स्पष्ट. परवा मी मान वर करून पाहिलंसुद्धा. खुर्ची तेवढी होती. मला आता त्या खोलीत जायची भीती वाटते.

पत्रात 'कारण' असा एक रकाना आहे. सगळे म्हणतात, मृत्यू लिहा आणि मोकळ्या व्हा.

तो गेला तेव्हा तू म्हणालीस, बाळंतपणाला येतो म्हणून शब्द दिला आणि शेवटी बाबांनी शेतंच निवडली. मी मूग गिळून गप्प बसले.

ठकू, त्याने पाहणी दौऱ्याआधीच राजीनामा माझ्या हातात दिला होता. आवक शिक्का बसला की तो लागू झाला असता. पण दोन जागा आधीच रिकाम्या होत्या, आणि तिसरी झाली की नियमाने बैठकच भरत नाही. नव्या वाणांची मंजुरी अडली असती, पेरणी तोंडावर होती. मी कागद खणात ठेवला आणि एवढा एक दौरा कर म्हणाले. धाकट्या बहिणीचा शब्द त्याने कधी मोडला नाही. भर उन्हात बांधावरच तो कोसळला. आज मी शिक्का मारला, राजीनामा मिळाल्याची खरी तारीख घातली आणि रकान्यात 'राजीनामा' लिहिलं. जाब विचारतील, विचारू देत. नक्कल फायलीत ठेवलीय, मूळ कागद तुला पाठवतेय. त्यात एकच ओळ आहे: लेकीकडे राहायला जायचं आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव, बाबावर नको. तो तुझ्याकडे यायलाच निघाला होता. मी अडवला.

तुझीच, अजूनही म्हणू देशील तर,
आत्या