कोठडीतला नळ आणि माझं तिकीट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (पत्रातून तो सोपा पडतो). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींना डोळे तपासायला तूच घेऊन जा, ते आपणहून जायचे नाहीत.

तुझा हा भाऊ जन्मभर पोलिसात राहून आमदार झाला खरा, पण अंगातला फौजदार काही उतरत नाही. परवा सभागृहात गोंधळ माजला तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून "बसा खाली" निघालं आणि दोन्ही बाजू मुकाट बसल्या (अध्यक्ष बसलेलेच होते, ते आणखी खाली सरकले). बिनसलं ते त्यानंतर. आमच्याच पक्षाचे गृहमंत्री म्हणाले, की प्रत्येक पोलीस कोठडीत पाण्याचा नळ आहे. आता ताई, मी ज्या ठाण्यात केस पांढरे केले, तिथं आतल्या माणसाला पाणी हवं तर हवालदाराला हाका माराव्या लागतात, आणि ऐकू येणं न येणं हवालदाराच्या मर्जीवर. गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारा तिथंच तहानेनं चक्कर येऊन पडला, म्हणून तर मी प्रश्न लावून धरला होता. मी उठून विचारलं, साहेब कधी कोठडीत गेले आहेत का. मंत्री शांतपणे म्हणाले, "तुम्हीच टाकलं होतं मला, मोर्च्याच्या वेळी." (मला आठवेचना. मोर्च्यात सगळे सारखेच दिसतात.) सभागृह खो खो हसलं. मी म्हटलं, "मग नळ होता का?" माणूस बराच वेळ कागद चाळत राहिला. शेवटी म्हणाला, "नव्हता."

संध्याकाळी पक्षप्रमुखांनी बोलावून घेतलं. घरच्याच मंत्र्याला उघडं पाडलंस, उद्या माफी माग, नाहीतर तिकीट विसर, वगैरे. मी सांगितलं, आधी नळ बसवा, मग त्याच नळाखाली डोकं धरून माफी मागतो. (चहा आला होता, तो परत गेला.) तिकीट कापायचं तर कापा म्हणावं. आयुष्यभर गुंडांपुढे वाकलो नाही, आता या वयात कंबरही वाकू देत नाही.

तुझा धाकटा

ता. क. : माझं तिकीट तुला देताहेत आणि तू हो म्हणालीस, हे मला ड्रायव्हरकडून कळलं. खुशाल घे. मी अपक्ष उभा राहतो. फक्त भाषणात माझ्या लहानपणचं काही काढू नकोस.

आणखी एक : तुझी भावजय तुझ्या प्रचाराला निघाली आहे. तिचं म्हणणं, वन्सं निवडून आल्या तर नळ तरी बसेल. तिच्यासाठी गाडी पाठव, माझी मला लागेल.