मंडालेच्या समाचाराला

१२ ऑक्टो., रियाध
चिपळूणहून सुमनताईंचा फोन. विहारातल्या बायकांची मंडालेची यात्रा आता बँकॉकला वळवलीय. मार्चच्या भूकंपात मंडालेचे जुने पॅगोडे पडलेत. ताई म्हणतात, "मोडकं काय बघायचं, बाई?" भंतेजी मात्र मंडालेलाच निघालेत. म्हटलं, माझं नाव त्यांच्यासोबत घाला.

१३ ऑक्टो.
जेवताना मिलिंदला सांगितलं. घास हातातच.
"आई, तुझा व्हिसा एकाच एन्ट्रीचा. बाहेर पडलीस की खलास. नवा कधी मिळेल, भरवसा नाही."
खरंय. अन्वीचं मराठी आता कुठे जोडाक्षरांपर्यंत आलंय. मी गेले तर ते तिथेच राहील...
तीच म्हणाली, "आजी, बट इट्स ब्रोकन ना?"
म्हटलं, तुझा हात मोडला तेव्हा मी इथे कशाला आले? प्लास्टर निघेपर्यंत थांबले का? समाचाराला जायचं ते पडल्यावरच.
तिला पटलं असावं. बापाला नाही.

१५ ऑक्टो.
सुमनताई म्हणतात, "तुमचं रद्द ना? मिलिंदनं कळवलं."
मला न विचारता! अंगाचा तिळपापड. म्हटलं, नाव परत लिहा. पेन्सिलने नको.
संध्याकाळी तो म्हणे, तुझे गुडघे. म्हटलं, गुडघे माझे, चालणार मी. आमचे हे गवंडी होते. ढासळलेली भिंत दिसली की आधी तिला हात लावायचे, मग बोलायचे. मलाही लावायचाय. एवढंच. त्याला कसं सांगू.

१७ ऑक्टो., शुक्र.
सुट्टी. सगळे घरात. सूनबाईने चहा ठेवला, हळूच म्हणाली, "आई, गरम कपडे घ्या हो, पहाटे लागतील." बरी आहे पोर.
मिलिंदकडे पासपोर्ट मागितला. "कॉपी काढायला नेला होता, ऑफिसातच राहिला."
बुधवारीही हेच म्हणाला होता. भंतेजींना आज संध्याकाळपर्यंत पासपोर्टचा नंबर हवा होता, रविवारपर्यंत थांबायला लावलं.

१९ ऑक्टो., रवि.
मेट्रोत लिहितेय, अक्षर हलतंय. फॅमिली डब्यात बसले. एकटीच आले. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली, खजूर दिला. तिचं मला कळत नाही, माझं तिला.
निघण्याआधी मिलिंदला फोन केला. "तुझ्या ऑफिसात येतेय, पासपोर्ट न्यायला."
म्हणाला, "उन्हात चालू नकोस. मी स्टेशनवर येतो."
पासपोर्ट घेऊन येतो की मला परत न्यायला, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. पुढचं स्टेशन त्याचंच. उठते.