फ्रिजवरची यादी

डेस्मंड,

मी हेदरकडे लीड्सला निघालेय. सूप गरम करून घे.

तीन महिन्यांनी पोरीचा फोन आला, तोही रडत. "बाबा, मी लिटरली मोडून पडलेय, लाईक…" एवढंच ती बोलली आणि तू तिला 'लिटरली'चा अर्थ शिकवायला बसलास! तिने फोन ठेवला, तो आता उचलतच नाहीये. पुढे काय सांगणार होती, देव जाणे.

पुन्हा फोन आला तर शंभरदा 'लाईक' म्हणू दे तिला. तू फक्त "हं, बोल बाळा" म्हण. हात जोडते.

तुझ्या नावडत्या शब्दांची फ्रिजवरची यादी शोधू नकोस. घाईत दुसरा कागद मिळाला नाही, तिच्याच मागे हे लिहिलंय. आता कागद उलटू नकोस. फोनपाशी बस.

मॉरीन