माझे बारा बीट

४ मार्च
कॉर्टेझच्या तळघरातल्या स्टुडिओत गेलो. सोफ्यावर माझ्या जागी तो नवखा रॅपर डेमॉन्ट! वर चिकन विंग्ज खात होता. कॉर्टेझ म्हणे, याचा अख्खा अल्बम मी एकटा करतोय. रेकॉर्ड कंपनी नाही, दुसरा प्रोड्युसर नाही. अभिनंदन केलं. तोंडदेखलं.
अख्ख्या डेट्रॉइटला ठाऊक आहे, कॉर्टेझ माझा प्रोड्युसर आहे. त्याने रॅपसाठी बांधलेले बारा बीट, म्हणजे ताल-संगीत, सहा वर्षांपूर्वीच मी राखून ठेवलेत. फक्त शब्द बाकी आहेत.

५ मार्च
संकल्प: रोज सोळा ओळी. उद्यापासून. आज दुकानात टायर बदलणाऱ्यांची गर्दी होती.

९ मार्च
कॉर्टेझने माझे बाराही बीट डेमॉन्टला दिले! फोन केला. कॉर्टेझ म्हणाला, अरे बाबा, सहा वर्षं झाली, बीट म्हणजे काय लोणचं आहे मुरत ठेवायला?

१४ मार्च
पाच दिवसांत डेमॉन्टची आठ गाणी रेकॉर्ड. घाईचं काम. मी ऐकली नाहीत. दाराबाहेरून ऐकली तेवढीच. चौथं बरंय. नाही, भिकार आहे.
जळतोय मी. इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय!

१७ मार्च
आई म्हणते, डेमॉन्ट गुणी पोरगा, चर्चच्या पायऱ्या उतरताना त्याने हात दिला. घरभेदी बाई.

२० मार्च
कॉर्टेझला ठणकावलं, माझं एक तरी कडवं हवंच. तो नाही म्हणाला. डेमॉन्टच मध्ये पडला. म्हणे, दादांना घेऊ या, त्यांना बघूनच शिकलो. दादा! चार वर्षांनी तर मोठा आहे मी. शनिवारी सकाळी अकराला बोलावलंय. आता दाखवतोच.

२२ मार्च, दुपारी ३
माइकसमोर उभा राहिलो. बीट सुरू झाला. "हां" म्हणालो. "हां, हां" म्हणालो. तेवढ्यात सोळा ओळींची जागा संपली. असं पाचदा झालं. हेडफोन घट्ट होते. डेमॉन्टने पाणी आणून दिलं. त्याचाच जास्त संताप आला.

२ मे
अल्बम आला. पाचव्या गाण्यात डेमॉन्टच्या मागे माझं "हां, हां" आहे. नावांच्या यादीत मी कुठे? 'इतर आवाज'. आईने लगेच ओळखलं. विचारलं, सर्दी झाली होती का रे?

९ मे
अल्बमवर सडकून टीका लिहिणार आहे. अभ्यास म्हणून एकतीस वेळा ऐकला. आज टायर बसवताना मालक मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, रॉडेल, काय झकास म्हणतोस रे! तूच लिहिलंस?
माझ्या तोंडात डेमॉन्टचं तिसरं गाणं होतं. अख्खं, एक शब्द न चुकता.
मी हो म्हणालो.