रोहिताच्या पायातलं निळं कडं

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून १० मिनिटं

वेळ मुद्दाम लिहिली आहे. सदतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. गुन्हा घडला की आधी घड्याळ बघायचं!

पक्षी-छायाचित्र मंडळाचं वार्षिक प्रदर्शन. दारातून आत शिरलं की समोर माझाच फोटो, साडेचार फूट रुंद. मिठागरातला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. एक पाय पाण्यात, एक उचललेला, पंख अर्धवट उघडलेले, आतला लालभडक रंग दिसतोय. खाली माझं नाव, चक्क शुद्ध. लोक माना वाकड्या करून ‘वा, वा’ करत होते. मी फक्त पाय बघितले.

कडं नाही.

उचललेल्या पायात, सांध्याच्या वर, निळं कडं होतं. त्यावर पांढरी तीन अक्षरं. आता तिथे गुळगुळीत गुलाबी पाय. पुसून टाकलंय!

सेक्रेटरीला गाठलं. हा धंद्याने दाताचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड अडकवून ठेवून आपण बोलत राहायची सवय.

“ताई, काय स्वच्छ आलाय फोटो!”

“स्वच्छ केला कोणी?”

“आम्ही फक्त मोठा करतो हो. चहा घेतलात का?”

नाही घेतला. घरी आले, चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. राग यायला हवा होता. शब्द सगळे होते, राग नव्हता. जानेवारीपासून हे असंच.

बुधवार, ५ मार्च

प्रकरण क्रमवार लिहिते, म्हणजे डोक्यात राहील.

ते कडं बगळोबाने घातलेलं. बगळोबा म्हणजे माझा नवरा — लांब तंगड्या, पुढे काढलेली मान, तासन्‌तास एका जागी उभं राहायची हौस. हे नाव मी लग्नानंतर आठव्या दिवशी ठेवलं, त्याने विनातक्रार घेतलं. सरकारी सर्व्हेअर होता. सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांच्या पायात ओळखीची अक्षरं असलेली कडी घालायचा. दहा वर्षांपूर्वी याच मिठागरात त्याने रोहिताच्या चाळीस पिल्लांना कडी घातली. पिल्लं तेव्हा राखाडी असतात, अगदी धुळीच्या फडक्यासारखी. एकेक पिल्लू काखेत धरून हा त्याच्याशी बोलायचा! माझ्याशी कधी इतकं बोलला नाही.

दहा वर्षांत त्या चाळीसांपैकी एकही पुन्हा कोणाला दिसलं नाही. नोंदणी कार्यालयाचा नियम आहे: दहा वर्षं दिसला नाही तर पक्षी मृत धरायचा, नोंद बंद. तारीख ३१ मार्च. कार्यालयातल्या बाईला आज फोन केला. “फोटोत तिन्ही अक्षरं वाचता आली पाहिजेत. तुमच्या सांगण्यावर नाही होत, मॅडम.”

बरोबर आहे तिचं. मीही पुराव्याशिवाय कोणाचं ऐकलं नसतं.

मला पहिलं अक्षर आठवतंय. पुढची दोन नाहीत. वाचून टिपून ठेवणं त्याच्याकडे असायचं. मी फोटो काढायचे, घरी येऊन त्याच्या कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि त्याच संध्याकाळी कार्ड पुसून मोकळं करायचे. निवडणं, साफसूफ करणं, पाठवणं त्याचं. तोही शेवटची एकच प्रत ठेवायचा. बाकीचं म्हणे अडगळ. पंधरा वर्षं ही पद्धत कधी नडली नाही.

शुक्रवार, ७ मार्च

भाजी करपली. वास आला नाही. शेजारीण बेल वाजवून सांगून गेली.

सोमवार, १० मार्च

मंडळाला नोटीस दिली. हाताने, उभ्या अक्षरांत. कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलेलं — तक्रार तिरक्या अक्षरांत लिहिली तर लोकांना वाटतं, रडत लिहिली. मागणी एकच: फोटो तुमच्याकडे आला तेव्हा जसा होता तसाच द्या.

वन्संचा फोन. बगळोबाची धाकटी बहीण. तिला गप्प बसवणं त्यालाही जमलं नव्हतं.

“वहिनी, दादाच्या कॉम्प्युटरवर असेल की! खोली उघड ना.”

“उघडेन.”

“मागच्या आठवड्यातही हेच म्हणालीस. आणि मला सांग, त्यानेच तर पुसलं नसेल?”

“स्वतः घातलेलं कडं? जगातला शेवटचा माणूस असेल तो, कडं पुसणारा!”

“मग चिडतेस कशाला?”

चिडले नव्हते. आवाज आपला तसाच निघतो.

गुरुवार, १३ मार्च

मिठागर. पहाटेच्या बसने, ओहोटी धरून. बांधाच्या कडेला बुटकं स्टूल टाकलं, अंगावर गोणपाट घेतलं, गुडघ्यापर्यंत गाळ. सूर्य पाठीशी. पाणी अर्धी वीत. रोहित आले — आठशे तरी असतील. आठशे पक्षी, सोळाशे पाय, आणि निम्मे पाय मेल्यांनी पोटात दडवलेले! सातशे फोटो काढले. एका पायात हिरवं कडं, कुठल्या परदेशाचं कोण जाणे. निळं नाही.

थवा उडाला तेव्हा सगळं आकाश गुलाबी-काळं झालं. पूर्वी अशा वेळी मी श्वास रोखायचे. आज घड्याळ बघितलं: आठ चाळीस.

मिठागराचा राखणदार डबा घेऊन बांधावर आला.

“बाई, मंडळी निघाली बरं का आता. आणखी आठ-दहा दिवस, मग सगळा पसारा उत्तरेकडे.”

“निळ्या कड्याचा एक दिसला का?”

“मी मीठ राखतो, पाय नाही बघत कोणाचे.” मग हसला. “साहेब बघायचे. मागच्या पावसाळ्याआधी इथेच दुर्बीण लावून मन लावून बघत होते. मी म्हटलं, साहेब, ह्या खुंट्या आहेत खाजणातल्या, पक्षी तिकडे! इतके हसलो दोघं.”

मला हसू आलं नाही. गेलेल्या माणसाची टवाळी करतो! “तोंड सांभाळून बोल,” म्हटलं. बिचाऱ्याचा घास हातातच राहिला.

शनिवार, १५ मार्च

१२ डिसेंबरची संध्याकाळ लिहायची राहिली होती. टाळत होते.

सकाळी मला निळं कडं दिसलं. मी एकटीच गेले होते. कंबर धरलीय, असं त्याने सांगितलं होतं. येताना बसमध्ये कॅमेरा मांडीवरून खाली ठेवला नाही. ठरवलं, सांगायचं नाही, त्यालाच दिसू दे. त्याच्या कॉम्प्युटरवर फोटो लावला आणि मागे उभी राहिले.

तो पडद्याच्या अगदी जवळ गेला. बराच वेळ बघितलं. म्हणाला, “छान आलाय. रंग छान आहेत.”

“बस?”

“आणखी काय?”

मला वाटलं, त्याच्याशिवाय गेले म्हणून कुचकेपणा करतोय. म्हणाले, “राहू दे! डोळे फुटलेत तुझे.” आणि दोन दिवस बोलले नाही. दोनाचे आठ झाले. नवव्या दिवशी, म्हणजे २१ तारखेला, त्याच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलात सांगणार होते, पण तिथे नळ्याच नळ्या. ९ जानेवारीला गेला.

कड्याचं त्याला कोणीच सांगितलेलं नाही.

बुधवार, १९ मार्च

काही नाही.

शनिवार, २२ मार्च

पुन्हा मिठागर. पाणी, गाळ, चार काळे-पांढरे शेकाटे पक्षी. गुलाबी एकही नाही. राखणदाराची क्षमा मागायला गेले, तर त्याची सुट्टी.

सोमवार, २४ मार्च. दुपारी १ वाजता

सेक्रेटरी स्वतः पाकीट घेऊन आला. खुर्चीच्या टोकावर बसला. आज तोंड त्याचं बंद.

“ताई, मी हे द्यायला उशीर केला. मला वाटलं, नकोच द्यायला.”

आत फोटोची छापील प्रत, त्यांच्याकडे आला तसा. कडं नाही. सोबत १४ डिसेंबरची मेल, बगळोबाची.

‘सौ.चा फोटो पाठवतो आहे. मोठा करा, तिला सांगू नका, भिंतीवर अचानक बघू दे. पायाला निळं काहीतरी चिकटलं होतं, प्लॅस्टिकचा कचरा असावा. तेवढा पुसला आहे.’

सेक्रेटरीला चहा दिला. तो दोनदा म्हणाला, “साखर नाही घातलीत.” मी दोनदा “हो” म्हटलं.

मंगळवार, २५ मार्च

खोली उघडली.

कॉम्प्युटरवर एकच प्रत. पुसलेली.

खणात भिंग. मोठं, मुठीचं, मी कधी न पाहिलेलं. त्याखाली डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, गेल्या ऑगस्टमधली: दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलेली, कडेचं तेवढं दिसेल, उपचार नाही. रुग्णाने घरी सांगावे, असं डॉक्टरने अधोरेखित केलंय.

त्याच्या नोंदवह्या चाळल्या. जुन्यांत मुंगीएवढं अक्षर. शेवटच्या वहीत जाड पेन, पानावर चार ओळी, एक ओळ दुसरीवर चढलेली. ही वही रोज टेबलावर असायची. मी म्हणायचे, म्हातारपणी अक्षर गबाळं झालंय तुझं.

वन्संना फोन करून सांगितलं. पलीकडे रडत होती. मी चिठ्ठी घडीवर घडी करून जागेवर ठेवली.

शनिवार, २९ मार्च. दुपारी ४ वाजता

प्रति, बगळोबा.

कडं निळं होतं. तुझंच. पक्षी जिवंत आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. सोमवारी त्याला मेलेला धरतील.

१२ डिसेंबरला संध्याकाळी मी जे बोलले, ते कामकाजातून वगळण्यात यावं.

दिसत नव्हतं, तर मला का सांगितलं नाहीस? खुलासा लेखी हवा, मोठ्या अक्षरांत चालेल. ३१ तारखेला कार्यालय बंद व्हायच्या आत.